साडेसोळा कॅरेटच्या गोळ्या

नेमबाजीत सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं की त्याला वाटतं मी श्वास रोखण्याबद्दल काहीतरी गंभीर बोलेन. मी सांगतो, गोळ्या निवडणं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. श्वास, नजर, बोट हे सगळं आपलं असतं. चुकलं तर स्वतःला शिव्या घालून मोकळं होता येतं. गोळी मात्र दुसऱ्याने बनवलेली असते. दिसायला शंभरातल्या शंभर सारख्या, आणि त्यातली कुठली दगा देणार हे ती नळीतून सुटल्यावरच कळतं. नव्वदच्या दशकातली माझी तीन वर्षं ह्या एका गोष्टीने खाल्ली. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

तेव्हा मी सुरतेजवळ कडोदऱ्याला एका पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर होतो. मास्तर म्हणजे फळ्यावर लिहिणारा नव्हे; माग अडला की पाना घेऊन धावणारा. आमचं मूळ घर धुळ्याकडचं. वडील मागावर काम करायला सुरतेत आले आणि आम्ही इथलेच झालो. कॉलेजात एनसीसीत असताना पहिल्यांदा रायफल हातात आली, ती डोक्यातून काही गेली नाही. बारडोलीच्या रस्त्याला उसाच्या शेतांमागे एक छोटा रायफल क्लब होता. मातीचा उंच बांध, पत्र्याची शेड, एक खोली आणि त्या खोलीत कुलूपबंद लोखंडी कपाट. दर रविवारी मी सकाळची बस पकडून तिथे जायचो. बायको दारातूनच म्हणायची, "सहा दिन मागनी खडखड, नि रविवारले तठे ठो ठो. तुमना कान शेतस का पत्रा?" मी चपला घालून निघायचो. तिचं म्हणणं चूक नव्हतं.

क्लब चालवायचे आबा. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, आमच्याच खानदेशातले, सत्तरीला टेकलेले. कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असायची. ते माझ्याशी अहिराणीत बोलायचे, बाकीच्यांशी फौजी हिंदीत. शिव्या दोन्हींत उत्तम द्यायचे.

क्लबात चांगली विलायती रायफल एकच होती, आणि ती कुणाकडे राहणार हेच माझ्या जिवाला लागलं होतं. राज्याच्या निवड स्पर्धेत ठरावीक गुण मिळवले की त्या नेमबाजाला विलायती गोळ्यांचा कोटा मिळायचा. आता ह्यातली मेख बघा. ते गुण मिळवायला विलायती गोळ्या लागतात, आणि विलायती गोळ्या मिळायला ते गुण लागतात. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात कधी रायफल उचलली नसणार. दोन वर्षं मी थोडक्यात हुकलो होतो. तिसऱ्या वर्षी क्लबाच्या कमिटीने सांगून टाकलं, की ह्या खेपेला जो पास होईल त्याच्याकडे रायफल जाईल आणि सराव त्याचाच होईल. बाकीच्यांनी जुन्या झिजलेल्या रायफलींवर हौस भागवावी. ओळीत आम्ही दोघेच होतो. मी आणि एक हिरेवाला.

हा हिरेवाला सुरतेतल्या कतारगामचा, गुजराती. तयार हिरे बघून, तोलून त्यांच्या प्रती लावणं हे त्याचं काम. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, कायम हसरा. तो मजेसाठी यायचा. गोळी मधोमध लागली की दहा गुण, बाहेर सरकेल तसे कमी; हा नऊ आला तरी हसायचा, सात आला तरी हसायचा. मला त्याचा रागही यायचा आणि तो आवडायचाही. तो मला "भाई" म्हणायचा आणि दर रविवारी माझ्यासाठी घरून थेपले आणायचा. अशा माणसाशी वैर तरी कसं धरणार?

आमची रायफल लहान बोराची, म्हणजे अरुंद नळीची. तिच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. मोठ्या रायफलीची काडतुसं हौशी लोक परत भरतात, दारू मोजून घालतात, आपल्याला हवी तशी करतात. हिच्यात ती सोय नाही. कारखान्याने भरलं ते भरलं. आपल्या हातात फक्त निवड. आणि निवडायचं तरी कशातून? देशी गोळ्या भरपूर होत्या, पण त्या नऊच्या आसपास रेंगाळायच्या. एका सभासदाने एकदा विलायती वेगवान गोळ्या आणल्या. खोक्यावर धावत्या सशाचं चित्र. मला वाटलं, जितकी वेगवान तितकी सरळ. पन्नास मीटरवर त्या बऱ्या गेल्या. मी खुशीत आबांकडे पाहिलं, तर त्यांनी शंभर मीटरवरच्या लाकडी चौकटीकडे बोट दाखवलं.

स्पर्धा पन्नास मीटरवर असली तरी गोळी तपासायची शंभरावर, हा आबांचा कायदा. पन्नासावर खपून जाणारी खोड शंभरावर उघडी पडते. वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून पाच गोळ्या मारल्या. कागदावर पाच भोकं पाच दिशांना. आबांनी समजावलं की ही गोळी निघते आवाजापेक्षा वेगाने, आणि वाटेत तिचा वेग आवाजाच्या खाली उतरतो. त्या क्षणी ती हेलकावा खाते. कडोदऱ्याच्या फाट्यावर भरधाव ट्रक गतिरोधकावरून उडतो तशी. संथ गोळीला तो गतिरोधक लागतच नाही. "ससा मारना शे का तुले?" आबा म्हणाले. मी तो धावता ससा परत कपाटात ठेवला.

त्या वर्षी इथून तिथून मिळून क्लबाला संथ विलायती गोळ्यांची सहा खोकी मिळाली, प्रत्येकात पन्नास. तीन माझ्या वाट्याची, तीन हिरेवाल्याच्या. त्याने त्याची तिन्ही माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, "भाई, तुझं अडलंय. माझं काय, मी देशी मारीन." मी नको म्हणायला हवं होतं. एकदाही म्हणालो नाही.

सहाही खोकी एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण लॉट तीन, म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळी बनलेला माल. आबांनी तीन रविवार माझ्याकडून ती शंभरावर तपासून घेतली. लॉट बदलला की आधी काही गोळ्या नुसत्या मारायच्या, म्हणजे नळीला नव्या गोळीची सवय होते. मग एकाच जागी नेम धरून पाच पाचचे ग्रुप. पहिला लॉट पसरत होता. दुसऱ्याची भोकं उभ्या रेषेत खाली-वर, म्हणजे कुठली जोरात, कुठली मंद. तिसरा लॉट मात्र आमच्या रायफलीला आवडला. तिला काय आवडेल ते देवालाही सांगता आलं नसतं. शेजारच्या क्लबातल्या तशाच रायफलीला म्हणे पहिला आवडायचा. तपासणीत गोळ्या खर्च झाल्या आणि चांगल्या लॉटच्या माझ्या हातात उरल्या सत्तर. स्पर्धेत मोजायच्या साठ.

"पाच साइटर, साठ मोजानी. पुरतीस," आबा म्हणाले. "एक बी फुकट मारानी नही." साइटर म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या गोळ्या. आबांना पाच पुरत होत्या. मला दहा तरी हव्या होत्या. त्याच गोळ्यांनी एक तरी सराव हवा होता. एखादी गोळी पेटलीच नाही तर? हात थरथरला तर? सहा दिवस मागाचा खडखडाट आणि वर हेच विचार. बायकोने एकदा ताटातलं वरण थंड झालेलं दाखवलं तेव्हा कळलं की मी जेवायलाच विसरलो होतो.

पुढच्या रविवारी आबा गावी गेले, नात्यातलं उत्तरकार्य होतं. जाताना किल्ली मला देऊन गेले. मी हिरेवाल्यापुढे माझं रडगाणं गायलं. तो म्हणाला, "भाई, आमां शुं? तोली लईए." आणि दुपारी तो खरंच कतारगामहून आपला कॅरेटचा काटा घेऊन आला. काचेच्या पेटीतला, फुंकर मारली तरी आकडा हलेल असा. वारा नको म्हणून आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. सुरतेकडचा उन्हाळा आणि पत्र्याची खोली. घामाचे थेंब टेबलावर पडत होते आणि तो मला टेबलापासून लांब बसायला सांगत होता.

पहिली गोळी चिमट्याने काट्यावर ठेवली. साडेसोळा कॅरेट. "एवढा एक खडा मिळाला तर मी उद्यापासून कामावर जाणार नाही," तो म्हणाला आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्या गोळ्यांवरून तेवढंच हसणं नशिबात होतं.

त्याची पद्धत चोख होती. हिरा तोलण्याआधी पुसतात, नाहीतर हाताच्या तेलाचंही वजन येतं. गोळ्यांच्या नाकाला मेणासारखं ग्रीस लागलेलं होतं. त्याने स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मलमलीने एक एक गोळी लख्ख पुसली. मीही पुसल्या. मग तोल. हलक्या एका वाटीत, जड दुसऱ्या वाटीत, आणि अगदी मधल्या वजनाच्या भोकं पाडलेल्या लाकडी साच्यात उभ्या. सत्तर गोळ्यांतून जेमतेम चाळीस बसल्या, तेव्हा तो म्हणाला की उरलेल्या दोन लॉटमधल्याही घेऊ. माल कुठल्या खाणीतला हे कोण विचारतं, प्रत लावताना फक्त खडा बघायचा. "वजन सरखुं तो बधुं सरखुं." संध्याकाळपर्यंत साच्यात शंभर गोळ्या उभ्या राहिल्या. चकचकीत, एका वजनाच्या. वाट्यांमधल्या हलक्या आणि जड आम्ही एकत्र केल्या आणि सरावाला म्हणून एका डब्यात ओतल्या. रिकामी खोकी मी स्वतः चुरगाळून शेडमागच्या कचऱ्यात जाळली. फार आनंदात होतो.

मंगळवारी कारखान्यात माल परत आला. डाइंगच्या मिलमधून रंगून आलेल्या निळ्या कापडावर हातभर अंतराने फिकट पट्टे. शेठ माझ्यावर ओरडला, मी कांड्या भरणाऱ्या बाईवर. ती परभणीकडची, सात वर्षं हेच काम करणारी. तिने दोन वेगळ्या लॉटच्या धाग्याचे कोन एकाच मागाला दिले होते, आणि दोन्ही लॉटनी रंग वेगळा धरला होता. मी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. लॉट बघता येत नाही का, खोक्यावर एवढा मोठा नंबर लिहिलेला असतो, सात वर्षांत एवढंही कळलं नाही?

ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, वजन तर सारखंच हाय की. डेनिअर बी तेच, जाडीत फरक न्हाई. म्या बघूनच लावलं."

"वजन सारखं असून काय उपयोग?" मी ओरडलो, "लॉट वेगळा की..." आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. बाई माझ्याकडे बघत राहिली. मागच्या बाजूला माग खडखडत होते. मी पाना खाली ठेवला आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

धाग्याचा लॉट मिसळू नये हे मला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वडिलांनी मागावर शिकवलेली पहिली गोष्ट तीच. गोळीच्या बाबतीत आबांनी तीन रविवार तेच दाखवलं होतं. आणि मी काट्यावरच्या आकड्याला भुललो. आता वेगळं करायचं म्हटलं तरी कसं करणार? सगळ्यांच्या बुडावर एकच शिक्का. लॉट नंबर फक्त खोक्यावर असतो, आणि खोकी मी जाळली होती.

आबा परतल्यावर रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. लॉट मिसळल्याचं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी साच्यातली एक गोळी उचलली, अंगठ्याने तिचं नाक चाचपलं आणि त्यांचा आवाज चढला. "तू ग्रीस पुसी टाकं? कसाले?" तोलायला, मी म्हणालो. ग्रीस नसलं की शिसं नळीला घासतं, नळी घाण होते, पुढची प्रत्येक गोळी वेगळी जाते. हे त्यांनी मला शिव्यांच्या मधल्या जागेत सांगितलं. हिरेवाला कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्याला आबा काहीच बोलले नाहीत, कारण त्याच्या धंद्यात त्याने केलं ते बरोबरच होतं.

थोड्या वेळाने आबा शांत झाले. म्हणाले, "देशी मार. बठ्ठं एकच लॉटनं शे. नव येतीन, चालतीन. सात ते येवाव नही."

आणि इथे मी माती खाल्ली. दोन वर्षं थांबलो, तीन रविवार घाम गाळला, एका भल्या माणसाच्या गोळ्या घेतल्या, ते काय शेवटी देशी मारायला? विलायती ती विलायतीच, पुसलेली का असेना. मी आबांना तसं तोंडावर बोललो. ते म्हणाले, तुझी मर्जी. घरून व्हॅसलिन आणून मी एकेका गोळीच्या नाकाला बोटाने पातळ हात फिरवला आणि आता झालं म्हणून मनाची समजूत घातली.

स्पर्धा अहमदाबादला होती. आमच्याकडे रायफल एकच, म्हणून आधीच्या तुकडीत मी आणि नंतरच्या तुकडीत हिरेवाला. चटईवर पालथा पडलो. जाकीट, पट्टा, श्वास, सगळं जिथल्या तिथे. वाऱ्याची फडकी लोंबत होती. साइटर बरे गेले. मोजायच्या पहिल्या दहांत सात वेळा दहा आले, तीनदा नऊ. मला वाटलं, आबांना उगीच घाबरलो. बाराव्या गोळीला बोट अगदी स्वच्छ दाबलं गेलं, आणि दुर्बिणीत पाहतो तर भोक खाली, सातात.

असं झालं की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. मी घेतला. पुढची दहा. त्यापुढची पुन्हा खाली, आठ. मी नेमाची साइट दोन खटके वर केली. लगेच एक वर गेली. परत खाली आणली. कुठली गोळी कुठल्या लॉटची हे कळायला मार्ग नाही, आणि मी नसलेल्या चुका दुरुस्त करत बसलो. हात चुकला असता तर मला इतका राग आला नसता. हात त्या दिवशी होता तितका स्थिर माझ्या आयुष्यात कधीच नव्हता. साठावी गोळी दहात गेली. बेरीज चार गुणांनी कमी पडली.

हिरेवाल्याने नळीतून दोनदा चिंधी ओढली, माझं व्हॅसलिन काळं होऊन बाहेर आलं, आणि तो त्याच्या देशी गोळ्या घेऊन पडला. नऊ, नऊ, दहा, नऊ, दहा, नऊ. कंटाळा येईल इतकं सारखं. एकही सात नाही. आठही एकदाच. पास व्हायला लागतात त्यापेक्षा त्याला एक गुण जास्त पडला.

चटईवरून उठला तेव्हा तो हसत नव्हता. त्याला मी पहिल्यांदाच तसं बघितलं. "भाई, माफ करजे," तो म्हणाला. मी त्याला माफ करण्यासारखं काही नव्हतं हे मला कळत होतं, आणि तरी मी त्याचा इतका द्वेष केला की गाडीत भरूच येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. भरूचनंतर त्याने डबा उघडून माझ्यापुढे धरला. भूक लागली होती. मी खाल्लं.

दिवाळीनंतर त्याचा कोटा आला. एक मोठी पेटी, आत चार लॉट, ओळीने लावलेली खोकी. इतक्या विलायती गोळ्या मी एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. आबांनी निरोप पाठवून मला बोलावलं. लॉट तपासायला तुझाच हात पाहिजे, त्याचा हात अजून एवढा बसलेला नाही. मी जाणार नाही असं बायकोला ठासून सांगितलं आणि पहिल्याच बसने गेलो.

आधी नळीला सवय, मग ग्रुप. तीन लॉट झाले. चौथा भरला. थंडीची सकाळ, उसाचं पान हलत नव्हतं. शंभर मीटरवर पाच गोळ्या मारल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला तर एकच भोक दिसलं. मला वाटलं चार बाहेर गेल्या. आबा स्वतः चालत जाऊन कागद काढून आले. पाचही त्या एकाच भोकात होत्या. माझ्या बोटाचं टोक त्यावर ठेवलं की भोक झाकलं जायचं. सबंध आयुष्यात मी असं मारलं नव्हतं, नंतरही कधी मारलं नाही. मी पडल्या पडल्या आबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाटलं, आता हे काहीतरी बोलतील.

आबांनी खिशातून पेन काढलं, खोक्यावरून बघून कागदाच्या कोपऱ्यात लॉट नंबर लिहिला आणि कागद हिरेवाल्याच्या हातात दिला.

"ऊठ आते," ते मला म्हणाले. "त्याले जागा दे."